चिखल, बुरशी, गोगलगायी: गॉब्लिनकोअर आवडणारं इथे कोणी आहे का?

ओलीमाती
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

इंटरनेटवर निसर्ग म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा धुऊनपुसून ठेवलेलं असतं. सूर्यास्त, फुलांचे ताटवे, धुकं, निळंशार पाणी. मला त्याचं वावडं नाही, पण माझी नजर जाते ती ओंडक्याखाली. साल सुटत आलेलं लाकूड, त्याच्या भेगेतून ओळीनं डोकावणाऱ्या आळंब्या, खालचा थर काळा पडत चाललेला पालापाचोळा, भिंतीवर गोगलगाय गेल्याची चकचकीत रेघ. या सगळ्यावर जीव असणारी माणसं जगभर आहेत आणि त्यांच्या या आवडीला गॉब्लिनकोअर म्हणतात हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गॉब्लिन हा युरोपातल्या लोककथांमधला लहानखुरा, अस्ताव्यस्त, सापडेल ते गोळा करणारा जीव. रानात, बिळात, जमिनीखाली राहणारा. त्याच्या डोळ्यांनी जग बघायचं. शेवाळ, बुरशी, बेडूक, हाडं, बिया, गंजक्या किल्ल्या, सुटी बटणं, काचेचे घासून गुळगुळीत झालेले तुकडे हे सगळं त्याचं वैभव. नीटनेटकेपणाचा आग्रह अजिबात नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरोखर निसर्गावरचं प्रेम आहे की खोली सजवायची आणखी एक तऱ्हा? आणि बाहेरून काय उचलून आणावं, काय जागच्या जागी राहू द्यावं, हे तुम्ही कसं ठरवता? माझ्या कपाटातला एक अख्खा खण या वस्तूंनी भरलाय, म्हणून मनापासून विचारतेय.

खिसेभरू
मी आहे! हात वर. दोन्ही हात चिखलाचे.

दीपमाळ
धागा आवडला. थोडी पार्श्वभूमी घालते.

२०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात टम्बलर या समाजमाध्यमावर ही मंडळी एकमेकांना सापडायला लागली. २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा टिकटॉकवर हे प्रकरण एकदम फोफावलं. त्याच सुमारास कॉटेजकोअरचीही चलती होती. झुळझुळीत कपडे, टुमदार घर, खिडकीत फुलं. त्यासाठी घर हवं, बाग हवी, सवड हवी आणि वर सगळं देखणं दिसायला हवं. गॉब्लिनकोअरला यातलं काहीच लागत नाही. मुलीनं असं दिसावं, मुलानं असं वागावं या जाचाला कंटाळलेल्या पुष्कळ तरुणांना तिथे मोकळं वाटलं, कारण गॉब्लिनला ‘जरा नीट बस’ असं कोणी म्हणत नाही.

आणि एक गल्लत नको. ‘गॉब्लिन मोड’ वेगळं. ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी लोकांच्या मतांवरून २०२२ सालचा शब्द म्हणून निवडला तो. त्यात कोण काय म्हणेल याची फिकीर न करता आळसात लोळणं अपेक्षित आहे. तिथे पांघरुणातून बाहेर यायचं नसतं, इथे भर पावसात ओंडका उलटून बघायला जायचं असतं.

स्पष्टबोल्या
मला हे फारसं पटत नाही. कुठलीही ‘कोअर’ घ्या, बघता बघता तिचं दुकान होतं. शोधून बघा: रेझिनच्या आळंब्या, प्लॅस्टिकचं शेवाळ, कारखान्यात मुद्दाम गंजवलेल्या किल्ल्या, बेडकाच्या आकाराचे दिवे. कौतुक कुजण्याचं करायचं आणि घरात आणायची ती शंभर वर्षं न कुजणारी वस्तू? ओलीमाती, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: बहुतेकांच्या बाबतीत सजावट.

खिसेभरू
स्पष्टबोल्या, प्लॅस्टिकच्या आळंबीबाबत पूर्ण अनुमोदन. पण माझ्या खिशातलं काहीच विकत घेतलेलं नाही. आत्ता उलटा करून बघितला: एक चपटा खडा, सायकलच्या चेनची कडी, अर्धी शिंपली, कसलीतरी काळी बी. बी ओळखणाऱ्याला शिंपली बक्षीस.

वारूळकर
स्पष्टबोल्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो दुकानांबद्दल झाला. ओलीमातीनं ज्या ओंडक्यानं सुरुवात केली त्याच्याबद्दल मला बोलायचंय, कारण तो माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे.

आपल्याला दिसते ती आळंबी म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी आत असते, लाकडात आणि मातीत पसरलेल्या पांढऱ्या बारीक तंतूंचं जाळं. लाकडाला कणखर करणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. ते पुरतं फोडणं फार थोड्या जिवांना जमतं आणि त्यात पांढरी कूज करणाऱ्या बुरश्या सगळ्यांत तरबेज. त्यांनी लाकूड मऊ केलं की भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरतात, त्यांच्या बोगद्यांतून पाणी आत जातं, मग गोम, वाणी, कोळी, बेडूक, त्यांच्या मागावर पक्षी. जंगलातल्या एकूण प्रजातींपैकी साधारण चौथा-पाचवा हिस्सा आयुष्यात कधी ना कधी मेलेल्या लाकडावर अवलंबून असतो. उभं झाड जिवंत आणि पडलेलं झाड मेलेलं असं आपण म्हणतो, पण पडलेल्या झाडातल्या जिवंत पेशी मोजल्या तर त्या उभ्या झाडाहून जास्त भरू शकतात. उभ्या खोडाचा बराचसा गाभा मेलेल्याच पेशींचा असतो.

एकदा कुजका ओंडका हातात घेऊन बोटानं दाबून बघा. तपकिरी कूज असेल तर त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि चुरा होतो. पांढरी कूज असेल तर धाग्याधाग्यांनी सुटतो, ओलसर आणि फिकट. कोणत्या बुरशीनं काय खाल्लं ते बोटांना कळतं. तपकिरीवाली लिग्निन बरंचसं मागे ठेवते, पांढरीवाली तेही संपवते.

एवढं सगळं जिथे चाललंय त्या जागेला ‘कचरा’ समजून साफ केलं जातं. एखादी फॅशन दहा पोरांना तो ओंडका वाकून बघायला लावत असेल, तर मी त्या फॅशनच्या बाजूनं आहे.

शेवाळी
वारूळकर, __/\__. वाचनखूण साठवली.

सरळरेघ
मी विरोधी पक्षातून बोलते. मला हे सगळं बघून मळमळतं. गोगलगाय, बुरशी, गांडूळ, काहीही. आणि मला वाटतं यात गैर काही नाही. कुजकं, बुळबुळीत दिसलं की लांब राहा, ही जाणीव माणसाच्या अंगात मुरलेली आहे ती उगीच नाही. रोगराईपासून तिनं आपल्याला वाचवलंय. तिला ‘सुंदर’ म्हणायची सक्ती कशाला?

ओलीमाती
सरळरेघ, सक्ती मुळीच नाही. किळस उपयोगाची आहे हे मलाही मान्य. माझं म्हणणं इतकंच की ती सरसकट सगळ्यावर पसरते. सडलेल्या मांसाची किळस आली तर ठीक. पण त्याच फटक्यात गांडूळही मारलं जातं, आणि त्या बिचाऱ्यानं आपलं काय वाकडं केलंय?

पुरातन
गांडुळाचा विषय निघालाच आहे तर अवांतर करतो.

डार्विनचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर आहे. १८८१ सालचं, म्हणजे तो गेला त्याच्या आदल्या वर्षी आलेलं. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडून जग हलवलेला माणूस म्हातारपणी कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून बसला होता. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्यानं शिट्टी वाजवली, मुलाकडून ‘बसून’ नावाचं मोठं, फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून घेतलं, पियानो ऐकवला. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या आणि एक सूर वाजवला, तशी ती सर्रकन बिळात गेली. आवाज त्यांना ऐकू येत नाही, पण थरथर जाणवते. गांडुळं एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त माती पोटातून काढून वर आणतात, असा हिशेब त्यानं अनेक ठिकाणांसाठी मांडला.

मला यातली चिकाटी फार भावते. ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही त्याच्यापाशी वर्षानुवर्षं बसून राहायचं. गॉब्लिनांनी कोणाची तसबीर लावायची असेल तर याची लावावी.

खिसेभरू
गांडुळांना मैफल! आणि दाद द्यायची सोडून श्रोते बिळात. कलाकाराचं काय झालं असेल.

मनूची_आई
मी इथे वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही. आमची मनू सहा वर्षांची आहे आणि जन्मजात गॉब्लिन आहे. घरी येते तेव्हा फ्रॉकच्या खिशात गोगलगायी असतात. जिवंत. मला तिचा उत्साह मोडायचा नाही, पण भीती वाटते. गोगलगायीला हात लावलेला चालतो का? आणि आळंब्यांना? नुसत्या हातानं विष चढतं का?

वारूळकर
मनूची आई, आधी आळंब्या. हातात घेऊन विषबाधा होत नाही. धोका पोटात जाण्याचा आहे. डेथ कॅप नावाची जी सगळ्यांत घातक आळंबी समजली जाते, तिच्यातलं अ‍ॅमाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरं वाटल्यासारखं होतं आणि तोवर यकृताची नासाडी चाललेली असते. म्हणून नियम एकच: बघायचं, हुंगायचं, चित्र काढायचं, तोंडात काहीही घालायचं नाही. फोटोवरून आळंबी ओळखून देणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर तर कधीच नाही. शंका आली तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा, उरलेला तुकडा सोबत न्यायचा.

डबकं
गोगलगायींचं मी सांगते. काही गोगलगायींमध्ये आणि शंख नसलेल्या त्यांच्या भाईबंदांमध्ये उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताच्या अळ्या असतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. बहुतेक वेळा हे गोगलगाय कच्ची खाल्ल्यानं किंवा न धुतलेल्या पाल्यातून बारकं पिल्लू पोटात गेल्यानं होतं. हातावर चालू दिली आणि नंतर साबणानं हात स्वच्छ धुतले तर घाबरायचं कारण नाही. धुवायच्या आधी बोटं तोंडात, डोळ्यांत घालायची नाहीत, हे मनूला पक्कं शिकवा.

मात्र खिशात नको. गोगलगायीच्या दृष्टीनं म्हणतेय. कोरडं कापड तिची ओल शोषून घेतं. मनूला सांगा की काचेच्या तुकड्यावर तिला चालू दे आणि खालून बघ. पायावरून मागून पुढे सरकत जाणाऱ्या सावळ्या लाटा दिसतील. त्याच तिला पुढे नेतात. आणि तोंडाशी बघितलंत तर खरवडणारी जीभ दिसेल, तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात.

मनूची_आई
डबकं, वारूळकर, मनापासून आभार! काचेचा प्रयोग लगेच केला. मनू आता जेवायलाही येत नाहीये.

दीपमाळ
बेडकांबद्दलही लिही ना डबकं. गॉब्लिनकोअरच्या निम्म्या चित्रांत कोणीतरी बेडूक तळहातावर घेऊन उभं असतं.

डबकं
तो माझा दुखरा भाग आहे. बेडकाची कातडी म्हणजे त्याचं अर्धं फुप्फुस. तिच्यातून तो श्वास घेतो, पाणी घेतो. आपल्या हाताला लावलेलं क्रीम, डास पळवायचं औषध, मीठ, सगळं त्यातून आत जातं. उचलायचाच झाला तर स्वच्छ, साध्या पाण्यानं ओल्या केलेल्या हातानं, क्षणभर.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते आणि त्यांचा जीव घेते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात या रोगानं घटलेल्या उभयचरांच्या ५०१ प्रजाती मोजल्या होत्या, त्यातल्या ९० कायमच्या गेल्या असाव्यात. ही बुरशी पाण्यातून, चिखलातून पसरते. म्हणजे एका डबक्याचा चिखल बुटाला लावून दुसऱ्या डबक्यात जाणारा प्रेमळ माणूससुद्धा ती पोचवू शकतो. दोन पाणथळ जागांच्या मध्ये बूट घासून, धुऊन पूर्ण वाळवायचे. चिखल आवडतो ना, मग त्याची एवढी काळजी घ्यायलाच हवी. फोटोसाठी बेडकाला टोपी घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

स्पष्टबोल्या
डबकं, हे असं लिहिणारी माणसं त्या हॅशटॅगखाली जास्त असती तर मी पहिला प्रतिसाद लिहिलाच नसता.

पुरातन
स्पष्टबोल्यांच्या शंकेला इतिहासात मोठा आधार आहे. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरनं एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. त्यातल्या ओल्या मातीत आपोआप नेचा (फर्न) उगवला. बाहेर लंडनच्या धुरात नेचे मरत होते, बाटलीत मात्र झकास वाढला. त्यावरून काचेच्या बंद पेट्या आल्या. आजची टेरारियमं त्यांचीच वंशज. पुढे इंग्लंडमध्ये नेच्यांचं वेडच पसरलं. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकानं त्या वेडाला टेरिडोमेनिया असं नाव दिलं. कपबशांवर नेचे, पडद्यांवर नेचे, थडग्यांवर नेचे.

ही माणसं निसर्गावर खरंच प्रेम करत होती. ओल्या कपारींत उतरायची, नावं पाठ करायची, बायकांना घराबाहेर पडून रानोमाळ भटकायला त्या काळात हे एक मान्य निमित्त मिळालं. आणि त्याच प्रेमापायी दुर्मीळ नेचे कपारींतून मुळासकट उपटले गेले. विकणाऱ्यांनी टोपल्या भरभरून नेले. किलार्नी फर्न नावाचा पारदर्शक पानांचा नाजूक नेचा ब्रिटन आणि आयर्लंडमधून जवळपास नाहीसा झाला. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि तो कुठे उगवतो ते मुद्दाम गुप्त ठेवतात.

तेव्हा ओलीमाती, तुमचा प्रश्न ‘प्रेम की सजावट’ असा आहे. नेच्यांच्या वेडात दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी होती. मला तरी दुसरा प्रश्न, काय उचलावं हा, जास्त महत्त्वाचा वाटतो.

शेवाळी
पुरातन, अगदी नेमकं. आता माझ्या शेवाळाबद्दल.

बरणीतलं शेवाळ हे गॉब्लिनकोअरचं लाडकं रूप. शेवाळाला खरी मुळं नसतात, नुसते धरून ठेवणारे बारीक तंतू असतात. पाणी ते पानांतून, सगळ्या अंगानं पितं. त्यामुळे दगडावरून चादर ओढावी तसं ते अलगद निघतं आणि लोकांना वाटतं, काय, परत येईल. काही ठिकाणी परत यायला वर्षानुवर्षं जातात. त्या चादरीखाली कोण कोण राहत होतं ते वेगळंच. दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं. त्याचे थर साचून पीट होतं. पीटची जमीन जगातल्या एकूण जमिनीच्या साधारण ३ टक्के, पण तिच्यात सगळ्या जंगलांच्या मिळून दुपटीहून अधिक कार्बन आहे. ते खणून कुंड्यांत घालतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दगडफुलाला तर हातच लावू नका. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका आपल्या पणजोबांच्या आधीचा असू शकतो.

मी स्वतः काय करते? वाऱ्यानं फांदी खाली पडली असेल तर तिच्यावरचं चिमूटभर शेवाळ घेते. बाकी कुंडीत, मोरीच्या कडेला, गच्चीच्या भेगेत आपणहून येतं तेच वाढू देते. सकाळी भिंगातून बघते. त्याच्या बीजाणूंच्या कुप्यांवर बारीक दातांची झालर असते, हवा कोरडी झाली की ती उघडते आणि दमट झाली की मिटते. उच्छ्वास सोडला तरी हलते.

खिसेभरू
शेवाळी, मी आत्ताच भेगेपाशी जाऊन उच्छ्वास सोडून आलो. भिंग नव्हतं. शेजारचे काका बघत होते.

ता. क. मी मॅगपाय पक्ष्यासारखा आहे असं सगळे म्हणतात, चकचकीत दिसलं की उचललं.

पुरातन
मॅगपायवर अन्याय होतोय. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात २०१४ मध्ये तपासून बघितलं होतं. खाण्याशेजारी चकचकीत वस्तू ठेवल्या तर ते उलट बिचकले आणि कमी खाल्लं. चोरीबिरी काही नाही. तुम्हाला बोवरबर्ड हा पक्षी म्हणायला हवं. त्यांच्यातला सॅटिन बोवरबर्ड नर निळ्या वस्तू गोळा करून मादीसाठी अंगण सजवतो.

खिसेभरू
निळी बटणं वेगळी काढायला घेतली.

कवटी
माझा विषय हाडं आणि पिसं. ओलीमाती, खणात काय काय आहे माहीत नाही म्हणून सांगून ठेवतो. पिसांबाबत कायदे कडक असतात आणि देशोदेशी वेगळे असतात. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानुसार बहुतेक देशी पक्ष्यांचं जमिनीवर गळून पडलेलं पीसही परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाही. टोप्यांवर पिसं लावायच्या फॅशननं बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या गेल्या होत्या, त्यातून हा धडा आला. हे पीस गळलेलं की मारून काढलेलं, हे पिसाकडे बघून सांगता येत नाही. राहता त्या ठिकाणचा नियम बघून घ्या.

हाडांचं: मांस चिकटलेलं काही उचलू नका. ताजं मेलेलं जनावर तर लांबूनच बघा, ते कशानं गेलं हे आपल्याला माहीत नसतं. उन्हापावसात पांढरी पडलेली हाडं हातमोजे घालून घ्या. उकळू नका, चरबी हाडातच मुरते आणि मग ती पिवळी पडतात. ब्लीचही नको, त्यानं हाड ठिसूळ होऊन भुगा व्हायला लागतं. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, मग सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड. संग्रहालयांत हे काम एका जातीच्या भुंगेऱ्यांवर सोपवतात. ते मांस खाऊन हाड लख्ख करून देतात.

सरळरेघ
मी हा धागा का वाचतेय.

कवटी
आवडायला लागलंय तुम्हाला.

दीपमाळ
एक मुद्दा राहतोय. लांब नाक, लोभी, सोनं साठवून बसणारा गॉब्लिन हे चित्र ज्यूंची जी विषारी व्यंगचित्रं युरोपात काढली गेली त्यांच्याशी फार जुळतं. ज्यू वाचकांपैकी काहींनी हे बोलून दाखवलं आणि त्या गटांमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली. काहींनी गॉब्लिनचं नाव सोडून ग्रेमलिन वगैरे दुसरे खोडकर काल्पनिक जीव जवळ केले.

स्पष्टबोल्या
सगळ्यातच काहीतरी शोधायचं म्हटलं की सापडतंच. शेवाळ बघणाऱ्या पोरीच्या मनात तसलं काही नसतं.

दीपमाळ
मनात नसतं हे खरंच. तरी ज्यांच्या आज्यापणज्यांना त्या चित्रांपायी घरं सोडावी लागली, त्यांना ते चित्र दिसल्यावर काय वाटतं ते ऐकून घ्यायला काय हरकत आहे? मी गोळा करते ती शेवाळं आणि बटणं. मोठं नाक आणि सोन्याच्या नाण्यांची पिशवी असलेलं चित्र मी लावत नाही. माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

स्पष्टबोल्या
हे मान्य.

तिसरा_डोळा
उशिरा आलो. फोटो काढणारा माणूस आहे, माझ्या हाती लागलेलं सगळ्यांत सुरस काहीतरी सांगतो.

पावसानंतर कुजक्या लाकडावर पिवळाधमक, ओला, शिरांचं जाळं असलेला पापुद्रा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी रंग सांडला. ती स्लाइम मोल्ड. बुरशी नाही, प्राणी नाही, वनस्पती नाही. असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी. तासाला सेंटिमीटरभर सरकते, कधी त्याहून जास्त. मी मोबाइल तिवईवर लावून ठराविक वेळानं फोटो घेत राहिलो आणि सलग जोडले. पापुद्रा धडधडतो. शिरांमधला द्रव आधी पुढे जातो, थांबतो, परत मागे येतो, पुन्हा पुढे. खाणं सापडलं त्या बाजूची शीर जाड होते, रिकाम्या बाजूच्या आटतात. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी टोकियो आणि भोवतालच्या शहरांच्या जागी ओट्सचे दाणे मांडून मध्ये ही स्लाइम मोल्ड सोडली. तिनं जे जाळं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी मिळतंजुळतं निघालं. मेंदू नाही, एकही चेतापेशी नाही.

काय उचलावं यावर माझं उत्तर: फोटो. ओंडका उलटला तर होता तसा परत ठेवायचा, त्याच खाचेत. खालच्या जिवांचं छप्पर आहे ते.

सरळरेघ
तो पापुद्रा खरंच धडधडतो? व्हिडिओची लिंक द्या ना.

तिसरा_डोळा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

सरळरेघ
बघितला. पुन्हा बघितला. मळमळलं नाही.

ओलीमाती
सगळ्यांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. पुरातन यांच्या नेच्यांच्या गोष्टीनंतर खण उघडून बसले आणि वाटणी केली.

गंजक्या किल्ल्या, बटणं, काचा, चेनच्या कड्या: या माणसानं टाकलेल्या, त्या ठेवतेय आणि आणखीही आणणार. उचलल्या तर रानाचं भलंच आहे. बिया थोड्या ठेवल्या. शंख आणि शिंपल्यांबाबत मात्र माझं मन बदललं. समुद्रकाठच्या शंखांत साधू खेकडे घर करतात आणि मोठा शंख मिळाला नाही तर तोकड्या शंखात कोंबून राहतात. यापुढे किनाऱ्यावरचे शंख किनाऱ्यावरच. पिसांचा नियम तपासते. दगडफूल आणि शेवाळ जिथे आहे तिथे.

‘प्रेम की सजावट’ याबद्दल: स्पष्टबोल्या, विकत घेतलेल्या आळंबीला मीही सजावटच म्हणेन. पण मनू काचेखालून गोगलगाय बघत बसलीय, सरळरेघ स्लाइम मोल्डचा व्हिडिओ दोनदा बघतायत, याला मी प्रेमच म्हणणार. त्या वस्तूला ताब्यात न घेता तिच्यापाशी वेळ घालवावासा वाटला, एवढी खूण मला पुरते.

आता ठरवलंय की घराच्या मागच्या कोपऱ्यात एक ओंडका ठेवायचा आणि तो कुजू द्यायचा. काही सूचना?

वारूळकर
उत्तम! सावलीची जागा बघा. रंग दिलेलं, वार्निशचं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड नको, त्यात काहीच येणार नाही. साल असलेला जाडसर ओंडका घ्या आणि एक तृतीयांश मातीत पुरा, म्हणजे खालून ओल चढत राहील. रानातला आधीच कुजत पडलेला आणू नका, त्याचे रहिवासी तिथलेच असतात. छाटणीतलं ताजं लाकूड आणा. घराच्या लाकडी भागाला टेकवू नका, वाळवीला आमंत्रण नको. भोवती पालापाचोळा टाका आणि झाडू लांब ठेवा.

पहिल्या पावसाळ्यात सालीवर बारीकसारीक बुरश्या येतील, वाणी आणि गोळी होऊन लोळणारे आयसोपॉड येतील. आयसोपॉड म्हणजे किडे नव्हेत बरं का, खेकड्यांचे नातलग. मोठ्या आळंब्यांना दोनतीन वर्षं लागू शकतात.

ओलीमाती
आणि कडक उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडला तर पाणी घालू?

वारूळकर
घाला. साठवलेलं पावसाचं असेल तर उत्तम, नाहीतर साधं चालेल. संध्याकाळी घाला, रात्रभर मुरतं. आणि रोज उचकटून बघू नका, महिन्याकाठी एकदा पुरे.

खिसेभरू
रोज बघू नका म्हणे. वारूळकर, तुम्ही स्वतः किती दिवस दम धरलात?

वारूळकर
रोज बघायचो. म्हणूनच सांगतोय.